सासऱ्यांची साक्ष

आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला. वेगळं व्हायला आम्ही दोघंही तयार होतो. घराचं काय करायचं, यावर मात्र काही केल्या एकमत होईना.

दिल्लीतल्या द्वारका भागातला तो फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होता. घेतला तेव्हा माझी नोकरी कॉन्ट्रॅक्टवर होती, बँकेने कर्ज त्याच्या पगारावर दिलं. "नावाचं काय एवढं, घर आपलंच आहे," असं तो म्हणाला आणि मलाही ते पटलं. पण बिल्डरला सुरुवातीला द्यायचे पैसे कमी पडत होते. माझ्या आईने लग्नात घातलेले तोडे, पाटल्या आणि चपलाहार मी करोल बागेतल्या एका सराफाकडे विकले. नवरा नोएडाला ऑफिसात होता, म्हणून सासरे बरोबर आले. आलेली रोकड आम्ही त्याच दिवशी नवऱ्याच्या खात्यात भरली. पावती मागायचं मला सुचलंही नाही.

सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांची उभी हयात दिल्लीत गेली होती. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असत. आमची भांडणं सुरू झाली की टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेले, त्या दिवशी माझी बॅग लिफ्टपर्यंत त्यांनी आणून दिली.

कोर्टाने आम्हाला मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थ बाई शांत होत्या, दोघांचं ऐकून घेत होत्या. मी दागिन्यांचं सांगितलं, तर नवरा म्हणाला, "वो ज़ेवर मेरी माँ के थे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याने मान वर केली नाही. खोटं बोलताना तो आधीपासूनच टेबलाकडे बघायचा, हे फक्त मलाच माहीत होतं, आणि त्याचा तिथे काही उपयोग नव्हता.

बाहेर आल्यावर माझ्या वकिलाने विचारलं, "कोणी साक्षीदार आहे का?"

"सासरे," मी म्हटलं. "पण ते मुलाकडे राहतात. मी त्यांना विचारणार नाही."

विचारायची वेळच आली नाही. चार-पाच दिवसांनी बाबांचाच फोन आला.

"पुढची तारीख कधी आहे?"

"बाबा, तुम्ही यात पडू नका. तुम्हाला त्याच्याबरोबरच राहायचंय."

"ते मला कळतं गं. तारीख सांग."

त्या दिवशी ते एकटेच मेट्रोने आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. नवऱ्याने त्यांना कॉरिडॉरमध्ये बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही इथे कशाला?"

"बोलायला आलोय," एवढंच ते म्हणाले.

आत ते ऑफिसातल्या हिंदीत सावकाश बोलले. "मैडम, ज़ेवर बहू को उसकी माँ ने दिए थे. बेचते वक़्त मैं साथ था. मेरी पत्नी का सोना तो उसकी बीमारी में पहले ही बिक चुका था. मेरा बेटा ये जानता है."

नवरा मराठीत म्हणाला, "घर विकलं तर तुम्ही कुठे राहणार, विचार केलाय?"

"केलाय," बाबा म्हणाले.

त्यांनी काहीही विचार केलेला नव्हता, हे मला पुढे कळलं.

नवऱ्याने मग फार ताणलं नाही. फ्लॅट विकायचा, बँकेचं फेडून उरेल ते निम्मं-निम्मं, असं ठरलं. माझ्या वकिलाच्या मते एवढा चांगला समझोता क्वचितच होतो.

घर रिकामं केलं त्या दिवशी दोन टेम्पो आले. फ्रिज त्याच्या टेम्पोत गेला, वॉशिंग मशीन माझ्या. पलंग, कपाट, मिक्सर, सगळ्याचं आधी बोलणं झालेलं होतं. बाबा बाल्कनीत खुर्चीवर बसून होते. ती खुर्ची न्यायला माणूस आला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघू लागलो. त्यांच्याबद्दल कुठेच काही ठरलेलं नव्हतं.

"माझ्याकडे एकच खोली आहे," नवरा म्हणाला. साक्षीनंतर तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता.

"बाबा, माझ्याकडे चला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "उद्या मला हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर तू कोण म्हणून सही करशील? आता तू माझी कायद्याने कोणी नाहीस."

काही दिवस ते नोएडाला त्या एका खोलीत राहिले. मग स्वतःच्या पेन्शनवर गाझियाबादच्या एका वृद्धाश्रमात गेले. मी जमेल तसं भेटायला जायचे. खोकला असायचा, हीटर पुरत नसे, तरी तक्रार नव्हती. एकदाच मी विचारलं, "बाबा, साक्ष दिल्याचा पश्चात्ताप होतो का?"

"नाही. पण तो येईल असं वाटलं होतं," ते म्हणाले.

पहिल्याच हिवाळ्यात ते गेले. आश्रमाने मुलाला कळवलं. मला सांगायचं त्यांना कारण नव्हतं. काही माहीत नसताना बाबांच्या फोनवर मी दोनदा रिंग दिली, कोणी उचलला नाही. अंत्यसंस्कार होऊन गेल्यावर नवऱ्याचा फोन आला.

"बाबा गेले," तो म्हणाला. "त्यांचे स्वेटर आहेत, चष्मा आहे. तुला काही हवंय का?"

"शेवटी काही बोलले का ते?"

"माहीत नाही. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं."

तो रडत होता. त्याला काय म्हणून समजवावं, मला कळेना. मी म्हटलं, "चष्मा दे," आणि मग कुठे भेटायचं ते आम्ही ठरवलं.