दोरा बांधलेली तलंग

आमच्या घरात दसऱ्याला देवीला कोंबडा देतात. घराणं मूळचं फौजेतलं. तलवारी जाऊन बाबूगिरी आली, तरी कोंबडा राहिला. तो घरीच वाढलेला लागतो, आणि अक्षय्यतृतीयेला, पिल्लं जेमतेम दीड महिन्याची असताना, एकाच्या उजव्या पायात लाल दोरा बांधून ठेवावा लागतो. दोरा बांधला की तो देवीचा. पाहुणे आले तरी त्याला कापत नाहीत, कुणी मागितला तरी देत नाहीत. मादी देवीला चालत नाही. मादी दिली तर काय होतं, ते सासूबाई सांगत नाहीत, नुसता तोंडावर हात ठेवतात.

दोरा थोरली सून बांधते. म्हणजे मी. वीस वर्षं बांधला आणि एकदाही चुकले नाही. दीड महिन्याच्या पिल्लात नर-मादी ओळखणं सगळ्यांना जमत नाही. मला जमतं, असं घरात सगळे म्हणत. मी तुरा बघायची. ज्याचा तुरा आधी लाल होतो आणि पाय जाड दिसतात, तो नर. एवढंच माझं शास्त्र. पण स्वयंपाक सगळ्याच बायकांना येतो, शिवण बऱ्याच जणींना येतं. हे फक्त मला येत होतं.

मग धाकटी जाऊ आली.

ती शहराच्या लष्कर भागातल्या एका जुन्या पुरोहित घराण्यातली. माहेरी अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत येत नसे. लग्न दोघांनी ठरवलं, आम्ही ते मानलं. तिचं घर दर्पण कॉलनीत, आमचं थाटीपुरला सरकारी क्वार्टर, मागे आंगण आणि त्यात माझं खुराडं. ती जवळच्याच शाळेत शिकवते. दुपारी शाळा सुटली की स्कूटी आमच्याकडे लावून तासभर बसायची, कारण तिची मुलगी तोवर आमच्याकडे असायची. चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायची आणि कोंबड्यांकडे बघायची. काही काम नाही, काही नाही. नुसतं बघायचं.

सासूबाईंचे डोळे मोतीबिंदूने गेल्यासारखेच झाले आहेत. दिवसभर त्यांना जेवायला घालणारी, औषध देणारी, केस विंचरणारी मी. आणि दुपारी दीड वाजला की त्या विचारणार, "स्कूटी वाजली का गं?" रोज. मी पोळ्या लाटता लाटता सांगायची, "नाही वाजली." कधी कधी वाजलेली असायची तरी सांगायची.

त्या वर्षी आमच्या ह्यांनी ऑफिसातल्या कुणाकडून एक कडकनाथ कोंबडा आणला होता. झाबुआकडचा, पिसांपासून तुऱ्यापर्यंत काळा. होळीनंतर पिल्लं निघाली, त्यातली सात जगली. सहा काळपट आणि एक तांबूस, आईवर गेलेलं. अक्षय्यतृतीयेला दोरा घेऊन बसले तर सहाही जणांचे तुरे जांभळट काळे. लाली कळणार कुठून? तांबूस पिल्लाच्या तुऱ्यावर मात्र स्पष्ट गुलाबी झाक होती. मी त्याला उचललं.

"ताई, ती तलंग वाटते मला," जाऊ पायरीवरून म्हणाली.

तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. हा शब्दही तिला मीच शिकवला होता.

सासूबाई खुर्चीत होत्या. हे होते. शेजारच्या क्वार्टरमधल्या मिश्रीण भाभी कुंपणापाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "तुमच्याकडे आम्लेटचा वास आला तर घर धुवून काढतात. आता तू मला कोंबडा शिकवणार?"

भाभी हसल्या. हेही हसले. जाऊ कपात बघत राहिली आणि म्हणाली, "चुकलं असेल माझं." त्यानंतर पाच महिने ती त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मी मात्र रोज तिच्या तोंडाकडे बघायची.

आषाढ आला. काळ्यांपैकी दोघांनी बांग द्यायला सुरुवात केली. आधी फाटक्या भोंग्यासारखी, मग चांगली खणखणीत. माझा तांबूस गप्प.

"भाभीजी," कुंपणावरून मिश्रीण, "आपके देवीवाले ने मौनव्रत ले रखा है क्या?"

"कुछ मुर्गे देर से बोलते हैं," मी सांगितलं.

ह्यांनी एकदा जेवताना विचारलं, "अगं, तो पिसांनी गोल गोल दिसतोय. कोंबड्याची शेपूट वळते ना?"

"तुम्ही फायली बघा," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मला दिसत होतं. चौथ्या महिन्यात न दिसायला मी आंधळी नाही. शेपटीच्या आधी पाठीवर नराची पिसं अरुंद, टोकदार होऊन बाजूला ओघळतात. ह्याची पिसं रुंद आणि गोलच होती. पण हे कबूल करायचं म्हणजे पायरीवर बसलेली ती बरोबर होती, हेही कबूल करायचं. आणि मग सासूबाई दोरा कुणाच्या हातात देणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. म्हणून मी त्याला तुकडा तांदूळ जास्त घातला. जणू खाऊन तो नर होणार होता.

आखाड संपायच्या आत एक काळा कोंबडा आम्ही खाल्ला. दुसरा पहाटे ओरडून क्वार्टरवाल्यांची झोप मोडत होता, तक्रारी आल्या. जाऊ म्हणाली, "मी नेते. आमच्या गच्चीवर राहील. मुलीला आवडतो." मी सुटले असं वाटून पिशवीत घालून दिला. तिच्या घरी कोंबडा, ह्याचं मनात हसूही आलं.

नवरात्रात अष्टमीच्या सकाळी खुराडं उघडलं. कोपऱ्यातल्या भुशात एक लहानसं, फिकट बदामी अंडं. त्यावर दोरा बांधलेली ती बसलेली, आणि मी हात घातला तर मला टोचली.

घरात कुणाला सांगितलं नाही. अंडं पदराखाली घेऊन आत आले, तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि विचार करत बसले. बाजारातला कोंबडा चालणार नव्हता, घरचाच हवा. घरी वाढलेला नर एकच उरला होता.

स्वतः रिक्षा करून दर्पण कॉलनीत गेले. वीस वर्षांत मी कुणाकडे काही मागायला गेले नव्हते. जाऊ दार उघडून बाजूला झाली, पाणी दिलं. मीच म्हटलं, "तो काळा आहे का अजून?"

"आहे ना. गच्चीवर."

गच्चीवर तो उभा होता, उंच, चकचकीत, शेपटीची दोन लांब पिसं वळलेली. त्याच्यासाठी मोडक्या कूलरच्या पेटीचं घर केलेलं, पाण्याचं भांडं स्वच्छ घासलेलं.

"मुलगी रडेल," मी म्हटलं.

"तिला सांगून ठेवलंय. ह्याच्यासाठीच ठेवला होता, ताई."

म्हणजे आषाढातच तिने ठरवलं होतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने मला ओरडून सांगितलं असतं, सगळ्यांसमोर हसली असती, तर मी तिला उत्तर दिलं असतं. हे असं करून तिने मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही.

"कशावरून ओळखलंस तेव्हा?"

"तुरे तर सहा जणांचे काळेच होते, म्हणून तुरे बघितलेच नाहीत. त्या पाच जणी पिसांनी लवकर भरल्या. ह्या दोघांचे खांदे किती दिवस उघडेच होते. आणि कुणी डब्याचं झाकण आपटलं की त्या खाली बसायच्या, हे दोघे मान वर करून उभे राहायचे."

इतकं साधं. मी वीस वर्षं त्यांना दाणे घातले, गोठ्यासारखं खुराडं उपसलं, आणि हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. मी त्यांच्याकडे अंडी आणि रस्सा म्हणून बघत होते. तिला त्यातलं काहीच खायचं नव्हतं.

"दोरा?" मी विचारलं.

"तुमच्याकडेच आहे ना. तुम्हीच बांधा." तिने कोंबडा धरला, मी गाठ मारली.

दसऱ्याला विधीच्या आधी सासूबाई दरवर्षी कोंबडा मांडीवर घेऊन चाचपतात. त्यांनी मान चाचपली, पाठीची पिसं बोटांतून ओढली. "मजबूत निघाला," म्हणाल्या. मग बोटं पायावर आली आणि दोऱ्यावर थांबली. पाच महिने मातीत लोळलेला दोरा ताठ, खरखरीत होतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

"दोरा मऊ लागतोय गं."

"जुना कुजला होता. बदलला."

जाऊ देवीपुढच्या घटाची माती नीट करत होती. तिने मान वर केली नाही.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. कोंबडा ह्यांच्या हाती दिला; ह्यांनी त्याचा काळा तुरा बघितला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो काखेत धरला. सासूबाईंनी पदराला हात पुसले. "पुढच्या वर्षी दोघींनी मिळून बघा."

वीस वर्षांचं माझं त्या एका वाक्यात अर्धं झालं. जाऊ पटकन म्हणाली, "नाही आई, ताईच बघतील."

ती तलंग आता कोंबडी झाली, अजून आंगणात आहे. तिच्या पायाचा दोरा मी अष्टमीलाच कापला, पण पायावर पिवळट वळ राहिला आहे. अंडी चांगली देते. ह्या अक्षय्यतृतीयेला जाऊ पायरीवर बसली, मी डब्याचं झाकण आपटलं, आणि पिल्लांकडे न बघता तिच्याकडे बघितलं. तिने चहाचा घोट घेत हनुवटीने एक दाखवलं. मी ते उचललं आणि दोरा बांधला. बांधून झाल्यावर त्याचे खांदे बघितले. उघडे होते.

दुपारी दीडला सासूबाई अजूनही विचारतात, स्कूटी वाजली का. आता वाजली असली तर मी वाजली म्हणून सांगते. एवढंच जमतं.