चौदा नंबरचा आवाज

पारूबाईला संगीतातलं ओ का ठो कळत नसे. पण सांगलीतल्या कुठल्याही मंगल कार्यालयावरून जाताना आत आपला नागसेन वाजवतोय की दुसरं कोणी, हे तिला रस्त्यावरूनच समजायचं. दिवसभर वखारभागात हळद निवडून पिवळे झालेले हात पदराला पुसत ती घरी यायची आणि सांगायची, "मघाशी ऐकलं रं तुला. तुझी गिटार मधीच जरा घोगरी हुती. तुझा बा बोलायचा तशी."

नागसेनला या घोगरेपणाचा फार अभिमान होता. खरं तर तो घोगरेपणा त्याच्या ॲम्प्लिफायरचा. मिरजेच्या एका रेडिओवाल्यानं लाकडी खोक्यात बसवून दिलेला तो ॲम्प्लिफायर उचलायला दोन माणसं लागत आणि आवाज जरा चढवला की त्याचा स्पीकर थरथरायचा. दुसऱ्या कुणी तो दुरुस्त करून घेतला असता. नागसेननं तो दोष पंधरा वर्षं सांभाळला, बोटं त्याच्या कलानं वळवली, आणि ती थरथरच त्याची ओळख झाली. पावसाळ्यात कार्यक्रम बंद पडले की तो वखारीत पोती शिवायचा. पोती शिवणारे हात गिटारीवर इतके हलके कसे चालतात याचं लोकांना नवल वाटे. त्यात नवल कसलं? पोटासाठी एक काम, जिवासाठी दुसरं; आपल्याकडं निम्म्या कलावंतांचं असंच असतं.

तो वाजवायचा 'विजयमाला मेलडी मेकर्स' या ऑर्केस्ट्रात. मालक लालासाहेब. साताऱ्याकडचा, घरी उसाची बागायत, आणि फौजेत वीस वर्षं स्टोअर सांभाळून परत आलेला. विजयमाला त्याच्या बायकोचं नाव. ऑर्केस्ट्राला तिचं नाव देण्यापलीकडं त्यानं तिच्यासाठी काही केल्याचं ऐकिवात नाही. फौज सुटली तरी या माणसाचं स्टोअर सुटलं नव्हतं. विश्रामबागेतल्या त्याच्या शेडमध्ये माईकपासून वायरीपर्यंत प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला असे. कार्यक्रमाला निघताना सही करून वस्तू 'इश्यू' करून घ्यायची, परत आल्यावर 'जमा' करायची. वायर जमा करताना साहेब ती टोकापासून टोकापर्यंत उलगडून बघणार. साऱ्या सामानात नंबर नसलेल्या वस्तू दोनच, नागसेनची गिटार आणि त्याचा ॲम्प्लिफायर. साहेबाला ते डोळ्यांत सलायचं.

"तुझ्या त्या कपाटापायी टेंपोत मानसं अंग चोरून बसत्यात," असं तो दर कार्यक्रमाला एकदा तरी म्हणायचाच.

आणखी एक गोष्ट त्याला सलायची. वर्षातला एक दिवस नागसेन ऑर्केस्ट्राचा नसे. चौदा एप्रिलला वस्तीतल्या विहारासमोर जयंतीचा कार्यक्रम व्हायचा आणि तिथं भीमगीतांना गिटार नागसेनचीच. त्याचा बाप सोपान त्या स्टेजवर पेटी वाजवायचा, तेव्हापासूनची ही रीत. त्या दिवशी कितीही मोठी सुपारी आली तरी नागसेन जायचा नाही. लालासाहेब कुरकुरायचा, पण दुसरा गिटारवाला मिळत नव्हता म्हणून गप्प बसायचा.

नव्याण्णव सालच्या जानेवारीत लालासाहेब आणि नागसेन साताऱ्याला गेले. पोवई नाक्याजवळ नाथाजीचं वाद्यांचं दुकान होतं. मुंबईहून नवीन माल आलाय असा त्याचा निरोप आला होता. नाथाजीनं काचेवर गिटारीला जोडायचे दोन पेडल मांडले. एक जेवणाच्या डब्याएवढा, त्यावर पायानं दाबायची दोन बटणं. दुसरा हार्मोनियमएवढा लांब, बटणांच्या दोन ओळी आणि कडेला शिवणयंत्राला असते तशी पायपट्टी.

"ह्यात ॲम्प्लिफायरचं आवाज भरल्यात," नाथाजी म्हणाला. "विलायती, अमेरिकन, जुनं, नवं, पायजेल ते. गिटारीची वायर ह्यात घालायची, ह्याची वायर सरळ मिक्सरला. ॲम्प्लिफायर न्यायचं कामच न्हाई. वर आपुन जुळवलेला आवाज ह्यात नंबरानं साठवून ठेवता येतो."

"दोनीत फरक काय?" नागसेननं विचारलं.

"आतलं मशीन एकच हाय. मोठ्यात पायाचं सुख, लहान्यात खांद्याचं."

नागसेननं दोन्ही वाजवून पाहिले. लहान्याची खोड त्याला लगेच कळली. दोन नंबरच्या आवाजावरून सात नंबरवर जायचं तर बटण पाच वेळा दाबायचं, आणि मधले नको असलेले आवाज लोकांना ऐकवायचे. मोठ्यावर एक पाय टाकला की हवा तो आवाज हजर. आटपाडीच्या जत्रेत गाणं अचानक बदललं होतं आणि तो ॲम्प्लिफायरची बटणं पिरगाळत बसला होता. पुढच्या रांगेतले हसले होते. ते हसू अजून त्याच्या कानात होतं. पण पोती शिवून साठवलेल्या पैशात लहानाच बसत होता. त्यानं लहान्यावर हात ठेवला.

"खेळणं हाय ते," लालासाहेब म्हणाला. "स्टेजवर कुनाला दिसनार बी न्हाई. मोटा घेऊ. ऑर्केस्ट्राच्या नावावर घेतो मी. तू फकस्त वाजीव गड्या."

नागसेन हरखला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच साहेबानं त्याच्या वाजवण्यासाठी खिशात हात घातला होता. साहेब पैसे मोजायला गल्ल्यावरच्या पोराकडं वळला, तेव्हा नाथाजी हळूच म्हणाला, "ल्हान घे, नागसेन. मधलं दोन आवाज लोकास्नी ऐकू गेलं तर जाऊ दे. पर घरी न्हेता येईल."

नागसेनला वाटलं, स्वस्त माल खपवायला बघतोय. भल्या माणसाचा संशय घ्यायला आपल्याला वेळ लागत नाही. तोच संशय मालकाचा घ्यावा हे मात्र सुचत नाही.

सांगलीला येताच पेडलवर पांढऱ्या रंगानं नंबर पडला आणि तो शेडमध्ये कुलपात गेला. घरी न्यायची परवानगी नव्हती. मग नागसेनच रोज दुपारी शेडमध्ये जाऊ लागला. दीड महिना तो त्या मशीनसमोर मांडी घालून बसला. हळदीसाठी एक आवाज, वरातीसाठी एक, लावणीसाठी चरचरीत, पाळण्यासाठी मऊ. बटण केसभर फिरवायचं, वाजवायचं, मान हलवायची, पुन्हा फिरवायचं. ढोलकीवाला आकाराम तिथंच वादी ओढत बसलेला असायचा. तो म्हणाला, "आरं, किती जीव काढशील? लोकं जेवाय आल्याली असत्यात."

एके दिवशी नागसेननं हातगाडीवरून आपला जुना ॲम्प्लिफायर शेडमध्ये आणला. पेडलशेजारी ठेवला आणि एकदा यातून, एकदा त्यातून असं वाजवत राहिला. चौथ्या दिवशी ती थरथर, तो घोगरेपणा जसाच्या तसा पेडलमध्ये उतरला. आकारामला पाठमोरा बसवून त्यानं विचारलं, आता कुठला वाजतोय? आकारामला सांगता आलं नाही. तो आवाज नागसेननं मुद्दाम चौदा नंबरवर साठवला. चौदा एप्रिलचा चौदा.

"कशाचा कुठला नंबर ते लिहून चिकटीव," लालासाहेबानं हुकूम सोडला. "फौजेत पेटी उघडायच्या आदी आत काय हाय ते कळाय लागतं."

नागसेनचं अक्षर देखणं. त्यानं कागदाची लांब पट्टी कापून एकेक नाव लिहिलं. एक हळद, दोन वरात, तीन लावणी. चौदापाशी त्याचा हात थांबला. भीमगीत लिहायचं होतं. पण मशीन साहेबाचं, टेंपो साहेबाचा, कुणाकुणाच्या दारातल्या मांडवात ते जाणार. त्यानं नुसतं 'खास' लिहिलं. असं आखडतं घेणं त्याच्या हाताला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. ते आपोआप येतं, याचाच राग येतो.

जुना ॲम्प्लिफायर आता कशाला? एका खोलीचं घर, त्यात त्याच्या आडोशाला दीक्षा, नागसेनची लेक, अभ्यासाला बसायची. जतकडच्या बिराप्पाची बेंजो पार्टी होती, तो येऊन विकत घेऊन गेला. त्यातून दीक्षाला सायकल आली. पारूबाईनं मोकळ्या कोपऱ्यात घागर ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं. पर तुजा आवाज?"

"त्यो मशीनमदी हाय आये. आदीपरीस चांगला."

मार्चच्या लग्नांत नागसेननं कमाल केली. पायाच्या एका दाबासरशी आवाज बदलायचा. लोक स्टेजपाशी येऊन त्या चमकणाऱ्या लाल आकड्यांकडं बघत राहायचे. तो खूश होता, हे कबूल केलं पाहिजे. मोठ्या पेडलमागं उभं राहिलं की माणूस स्वतःलाही मोठा वाटायला लागतो.

एप्रिल लागला आणि लालासाहेबानं सांगितलं, "चौदा तारखेला शिरवळ. कारखान्याच्या कंत्राटदाराच्या पोरीचं लगीन हाय."

"आवं साहेब, चौदाला मी नसतो. दर साली सांगतोय."

"दर साली मशीन नव्हतं. औंदा हाय. मशीन बगूनच सुपारी दिलीया त्येंनी."

"मशीन तुमी ठेवा. मी न्हाई येणार." मग नागसेनच म्हणाला, "न्हाईतर शिरवळला कीबोर्डवर भागवा, आन त्या एका दिसापुरतं मशीन मला द्या. दुसऱ्या दिशी सकाळी जमा करतो."

लालासाहेबानं रजिस्टर उघडलं, कार्यक्रमाचा रकाना दाखवला आणि शांतपणे म्हणाला, "इश्यू फकस्त ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला. रूल हाय."

चौदा एप्रिलच्या संध्याकाळी नागसेन विहारासमोरच्या स्टेजवर गिटार घेऊन उभा राहिला. पायाखाली काही नव्हतं, मागं काही नव्हतं. मांडववाल्याच्या भोंग्याच्या मशीनमध्ये त्यानं वायर घातली. दीक्षा गायला उभी राहिली. पोरीचा गळा सुरेख लागला, आणि तिच्या मागं गिटार पत्र्यावर खिळा ओढावा तशी किरकिरली. नागसेननं बोटं जड केली, हलकी केली, तारेवरची जागा बदलली. ज्या थरथरीच्या कलानं बोटं वळली होती ती थरथरच तिथं नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या माणसाला वाजवतात तशा.

घरी येताना पारूबाई म्हणाली, "आज तू न्हवतासच वाटलं रं."

लालासाहेबानं त्याला काढलं नाही. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्यानं नुसतं बोलावणं बंद केलं. पंधरा दिवसांनी आकाराम भेटला तेव्हा उलगडा झाला. शिरवळला साहेबाचा भाचा जयराज उभा राहिला होता, कॉलेजात दोन वर्षं गिटार शिकलेला.

"चार सूर धड येत न्हाईत त्येला," आकाराम मान खाली घालून म्हणाला. "पर पट्टी वाचतो आन पाय देतो. चौदा नंबर तर सोडतच न्हाई. खास लिवलंय म्हनून समदी गानी त्येच्यावरच. लोकास्नी काय कळतंय? वाईट वाटून घिऊ नको गड्या."

नागसेननं घरी हे सांगितलं नाही. लग्नाची तारीख असली की पारूबाई कामावर जाताना विचारायची, "आज हाय व्हय रं कार्यक्रम?" आणि तो "हाय" म्हणायचा. ती गेली की भिंतीला टेकून बसायचा. गिटार खोळीतून काढायचा नाही. दीक्षाला सुटी होती. ती सगळं बघायची.

मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी पारूबाई नेहमीपेक्षा लगबगीनं आत आली. हळदीचे हात तसेच, पदरानं घामसुद्धा टिपलेला नव्हता. नागसेनला बघून म्हणाली, "आलास बी का घरला? कार्यालयाच्या दारात उभी राहून समदं गानं ऐकून आले मी. वॉचमन हाकलत हुता तरी हलले न्हाई."

नागसेननं वर पाहिलं.

"जयंतीच्या दिशी मला लय वंगाळ वाटलं हुतं. म्हनलं, पोराचा आवाज गेला का काय." तिचा चेहरा उजळला होता. "आज मातुर तूच हुतास. त्योच घोगरा आवाज. तुझा बा बोलला जनू."

कोपऱ्यातून दीक्षानं मान वर केली. बाप सकाळपासून इथून हलला नव्हता हे तिला ठाऊक होतं. ती काही बोलणार तेवढ्यात नागसेननं तिच्याकडं पाहिलं आणि ती गप्प झाली.

"व्हय आये," तो म्हणाला. "मीच हुतो."

पारूबाई हात धुवायला घागरीकडं गेली.