देवी गप्प राहिली तेव्हा

देवाशी माझं भांडण जुनं आहे. आमच्या घरात पोथ्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडील मिठागरातल्या कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. मजुरी, पिण्याचं पाणी, मुलींची शाळा, कशावरही पत्रक निघालं की घड्या घालायला आम्ही दोघी बहिणी बसायचो, आणि मी तर अक्षरंसुद्धा त्यांतूनच शिकले. त्यामुळे देवावर श्रद्धा असली तरी ती मुकाट हात जोडणारी नव्हती. तू सगळ्यांचा आहेस, तर तुझ्या दारात माणसं का अडवली जातात, असं मी त्याला विचारत राहायचे. उत्तर येत नसे. ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी तर मला वाटू लागलं होतं, की उत्तर द्यायला तिथं कुणी नाहीच.

आई आम्ही लहान असतानाच गेली. आम्हाला वाढवलं आत्यानं. ती तरुणपणीच विधवा होऊन जोह्याला माहेरी परतली आणि गणपतीच्या कारखान्यात कामाला लागली. आधी मूर्ती घासून गुळगुळीत करायची, पुढे हात बसला तेव्हा डोळ्यांची आखणी तिच्याकडे आली. आमच्याकडे पाळीच्या चार दिवसांत बाया मूर्तीला हात लावत नाहीत. मालक म्हणतो, मी कुणाला सांगत नाही, बायाच येत नाहीत. यावर मी पत्रक काढलं होतं आणि पेणच्या बाजारात उभी राहून वाटलंही होतं. आत्यानं ते वाचून घडी घालून माझ्या हातात परत दिलं. तिची पाळी गेली तेव्हा मात्र ती एखादी बढती मिळाल्यासारखी खूश होती. "आता मी देवाची बाराही महिने," असं ती कारखान्यात सगळ्यांना सांगायची. तिच्या त्या आनंदाचा मला रागही यायचा आणि तो तिच्याकडून काढूनही घेववत नसे.

त्या वर्षी ऐन हंगामात, कारखान्यात उभं राहायला जागा नसते तेव्हा, ती मधूनमधून घरी राहू लागली. गुडघे धरलेत म्हणायची. दिवसभर जमिनीवर बसून काम, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. गणपती गेले, दसरा झाला, आणि धावीर महाराजांच्या पालखीला आम्ही ताईकडे रोह्याला गेलो. ताईचं घर पालखीच्या वाटेवर. तिथं देव स्वतः दाराशी येतो. रांगोळ्या काढलेल्या, ओवाळायची ताटं तयार, गल्लीत ढोल वाजायला लागलेले, आणि आत्या कुठं दिसेना. मी शोधत मागच्या दारी गेले, तर ती धुण्याच्या दगडाशेजारी पायरीवर बसली होती. मी काही विचारणार तेवढ्यात मागच्या बोळातून एक अनोळखी बाई जवळजवळ धावतच आली.

"बाय गो, मोरी कुठं हाय? लवकर सांग, नायतर इथंच माझी लाज जाईल!"

आत्यानं बोट दाखवलं. बाई आत गेली आणि थोड्या वेळानं हुश्श करत, पदराने हात पुसत बाहेर आली.

"देव पुढच्या दारी आलाय, नि तू इथं काय राखण करतंस?" तिनं आत्याला विचारलं.

आत्या खाली बघून म्हणाली, "अडचण हाय."

माझं डोकंच फिरलं. "आत्या, तू पण? देव दाराशी आलाय, तो काय तुला..." मी सुरू झाले. पण त्या बाईनं हातानंच मला थांबवलं.

"भाषण मागनं दे गो पोरी. आधी हिचं वय विचार." मग ती आत्याकडे वळली. "पाळी कधी गेली तुझी?"

"लय वर्सं झाली. ही बाजारात पत्रकं वाटत होती तवाच," आत्यानं माझ्याकडे मान करून सांगितलं.

"नि आता परत आली म्हणतंस?"

बाई त्या दगडावर टेकली. तिचा आवाज खाली आला. "माझंपण असंच झालं. माझा नवरा चेष्टा करायचा, म्हातारी तरुण झाली. ती पाळी नव्हती गो. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. मशीनवर शेक घेतला, तवापासनं लघवी धरवत नाय, म्हणून ही धावपळ. पण जिवंत हाय. कोलाडला नाक्यावर वडे तळते. तू उद्याच्या उद्या डॉक्टरकडं जा. गेलेली पाळी परत येत नाय."

पुढच्या दारातून ताई हाका मारत होती. ढोल जवळ आले, दाराशी थांबले, पुढे गेले. आम्हा दोघींनाही दर्शन झालं नाही. बाई केव्हा निघून गेली तेही कळलं नाही. आत्या रडत होती. "मला वाटलं, देवानं मला परत बाहेर काढलं," एवढंच ती म्हणाली. किती महिने ती हे एकटीनं वागवत होती, देव जाणे.

घरी आल्यावर मात्र ती हटून बसली. या वयात परक्यापुढे उघडं पडायचं नाही. फार मागे लागले तेव्हा म्हणाली, गावदेवीचा कौल लावा, ती हो म्हणाली तर जाईन. आणि तिला स्वतःला तर देवळात जायचं नव्हतं. म्हणजे कौल मागायला मी जायचं. मी! देवीच्या दोन्ही खांद्यांना गुरव ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. ही पद्धत बंद व्हावी म्हणून मी चारचौघांत बोललेली होते. पण आत्याचा जीव त्या दोन फुलांवर टांगलेला होता, आणि माझ्या तत्त्वांना त्यावर उपाय ठाऊक नव्हता.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. मी समोर उभी राहिले. डावं पडलं तर काय सांगायचं? खोटं मला बोलता येत नाही, आणि खरं सांगितलं तर आत्या घरातच झिजून जाईल. उभ्या उभ्या माझ्याकडचे सगळे मुद्दे संपले. मी मनात देवीला म्हटलं, आई, मला तुझ्याशी वाद घालायचा नाही. आत्या मला हवी आहे. तू काय करायचं ते कर. आजवर मी देवाकडे जाब मागितला होता. असं काही मागितलं नव्हतं.

फुलं पडली नाहीत. उजवं नाही, डावंही नाही. ऊन देवळाच्या पायरीवर चढलं. गुरवाला दार लावायचं होतं. "देवी गप हाय," तो म्हणाला. "असते कधीकधी."

रिकाम्या हातानं घरी आले. आत्या ओसरीत सुकट निवडत बसली होती. मी जे झालं ते सांगितलं. ती बराच वेळ सुकटीतला कचरा बाजूला काढत राहिली.

"नाय म्हणाली नाय ना?"

"नाही."

"मग तिचं काय अडत नाय. आपलंच अडलंय." तिनं सूप बाजूला ठेवलं. "उद्या पेणला जाऊ. डॉक्टर बाई असली तर बघ."

डॉक्टर बाईच मिळाली. तिनं तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. रोग होता, पण हाताबाहेर गेलेला नव्हता. त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. जुलाब, थकवा, जेवणाची शिसारी, सगळं आत्यानं सोसलं. शेक, म्हणजे रेडिएशन, देण्याच्या खोलीचं जाड दार लागलं की नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. तिथं बसलेल्या बायांपैकी कुणी जप करायची, कुणी तसबीहचे मणी ओढायची, कुणी नुसती भिंतीकडे बघायची. मी काहीच करत नसे. दारापलीकडे आत्या एकटी आहे आणि एकटी नाहीही, असं तिथं पहिल्यांदा वाटलं. का वाटलं ते मला सांगता येणार नाही, आणि ते पटवून देण्याची इच्छाही नाही.

आता डॉक्टर फक्त तपासणीला बोलावतात. मागच्या तपासणीत सगळं ठीक निघालं तेव्हा येताना आम्ही कोलाडला उतरलो. नाक्यावर ती बाई सापडली, कढईसमोरच. आत्या तिच्या पाया पडायला वाकली तशी ती झारा घेऊन मागे सरली.

"ये, पाया-बिया पडू नको! मला देवानं धाडलं-बिडलं काय नाय. मला जोरात लघवी लागली होती."

"व्हय गो," आत्या म्हणाली, "पण ती कुणी लावली?"

दोघी इतक्या हसल्या की गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. मी बाकावर बसून गरम वडा खात होते आणि डोळ्यांतलं पाणी मिरचीवर ढकलत होते.

त्या बाईचे, डॉक्टरीणबाईंचे, शेक देणाऱ्या माणसांचे आणि गप्प राहिलेल्या देवीचे माझ्यावर उपकार आहेत. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी समजत होते. आत्या सूप बाजूला ठेवून उठली, तेव्हा मला ते वेगळं दिसलं. माझ्या आत्याच्या वयाची कुणी हे वाचत असेल, तर तिला हात जोडून सांगते. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर बाजूला बसू नकोस. कुणाला तरी सांग, आणि दवाखान्यात जा. देव देवळात तुझी वाट बघत थांबणार नाही, तोही तुझ्याबरोबर एस.टी.त चढेल.