पहिल्या नंबरचा मावसभाऊ
माझ्या मावसभावाइतका हेवा करण्याजोगा, आणि हेवा करणाऱ्याची इतकी पंचाईत करणारा माणूस साऱ्या कळमनुरी तालुक्यात दुसरा झाला नसेल. त्याच्यावर मनसोक्त जळावं म्हटलं, तर हाच जवळ येऊन विचारायचा, "काहून रे, तब्येत बराबर न्हाई का?" आम्ही दोघं आखाडा बाळापूरचे. निजामी अमदानीत एकाच वर्षी हैदराबादला शिकायला गेलो, एकाच खोलीत राहिलो आणि दोघांनीही इतिहास घेतला. मी सनावळ्या घोकून घोकून अर्धा झालो. तो पालथा पडून, भुईमुगाच्या शेंगा खात, गावातल्या भानगडी ऐकाव्यात तसा इतिहास वाचायचा आणि पहिला यायचा. दुसरा नंबर मात्र माझ्या नावावर इनाम लिहून दिल्यासारखा कायम होता.

राजेरजवाडे त्याला सोयऱ्यांसारखेच वाटत. बहमनी वजीर महमूद गावानचा शिरच्छेद झाला ते पान वाचलं, त्या दिवशी तो खानावळीत जेवायलाच आला नाही. मी चिडून म्हणालो, "अरे, त्याला मरून साडेचारशे वर्षं होत आली!" तर डोळे पुसत म्हणतो, "व्हय, पण मला तर आजच कळलं ना." ही गोष्ट कुणीतरी प्राध्यापकांच्या कानावर घातली आणि त्यांनी भर वर्गात त्याची पाठ थोपटली. मीही उपाशी राहिलो असतो, पण ते मला सुचायला हवं होतं ना! बी.ए.ला इतिहासाचं चांदीचं पदक अर्थात त्यालाच मिळालं. ते त्यानं पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधलं. ज्या पदकासाठी मी झोप घालवली, ते मिरवत तो बैल माझ्यासमोरून वेशीकडे गेला. आयुष्यात मी बैलाचा हेवा केला तो तेवढाच.

एम.ए.ला गोष्ट पदकावर थांबणार नव्हती. पहिला येईल त्याला शिष्यवृत्ती देऊन विभाग संशोधनासाठी ठेवून घेणार होता आणि जागा एकच होती. दुसऱ्याच्या नशिबी तहसील कचेरीतली कारकुनी. तो दुसरा कोण, हे मला ठाऊकच होतं. शेवटच्या पेपरला पाच प्रश्न सोडवायचे होते. वेळ संपल्यावर मी बाहेर आलो, तर हा झाडाखाली रडवेला होऊन बसलेला.

"किती लिहिले?" मी विचारलं.

"एकच. देवगिरीचा."

"आणि बाकीचे चार?"

"रामदेवरायाला तसं सोडून पुढं कसं जाऊ रे? पोरगं फौज घेऊन दूर गेलेलं, दुश्मन दाराशी, अन् धान्याची म्हणून गडावर नेलेली पोती उघडली तर मीठ! मी लिहून राहिलो होतो अन् वाटून राहिलं होतं, आता तरी कुणी पोती उघडून बघंल. न्हाई बघितली कुणी."

त्याला धीर देत मी खोलीवर आणलं, आणि सगळा वेळ माझ्या मनात लाडू फुटत होते.

निकाल लागला. पहिला नंबर, पदक, शिष्यवृत्ती, सगळं माझं. गावी आलो तर मोटारीपाशी हार घेऊन हाच उभा. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होता, "आमचा पयला आला, पयला!" त्याच्या तोंडाकडे मी निरखून पाहिलं. माझ्यासारखं काही, अगदी रतीभर तरी, तिथं असेल म्हणून. काही नव्हतं. त्याला माझ्याशी शर्यत होती हेच कधी ठाऊक नव्हतं.

पुढं तो शेतीत रमला, मी हैदराबादेत संशोधक म्हणून मिरवलो. लोक मला विद्वान म्हणतात, तेव्हा बरं वाटतं. पण तो पाचही प्रश्न लिहीत असताना, एकदाच, मला त्याच्या पुढं जायचं होतं. ते राहूनच गेलं.