नाईक सुभाष यांनी घाई केली नव्हती

त्या फेब्रुवारीत आमचं सेक्शन तेरा हजार फुटांवरच्या एका पोस्टवर होतं. माणसं नऊ. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, सातला चहा, आठला रेडिओवर कंपनीला रिपोर्ट, मग बर्फ उपसणं. सोलापूर जिल्ह्यातले आम्ही दोघंच. मी वळसंगचा शिपाई, ते करकंबचे नाईक सुभाष. मी त्यांना दादा म्हणायचो.

दादांना बूट घालायला दहा मिनिटं लागायची.

"दादा, एवढ्यात नवरी नटली असती."

"वळसंगकर, हितं पळणाऱ्याला कोन बक्षीस देत न्हाय."

आता जे सांगतो ते मी सैन्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. दहावीनंतर मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मागावर लागलो. सकाळी कॉलेज, दुपारपासून माग. घरात बी.ए. झालेला मी पहिला. फॉर्म भरून देणारे गुरुजी आणि कॉलेज सांभाळून पाळी लावणारे मालक, दोघांचे उपकार मी विसरलो नाही. पण मागांच्या खडखडाटात चार वर्षांत माझा डावा कान गेला.

कारखान्यात त्याने अडत नसे. तिथे कोणालाच ऐकू येत नाही. लांबून कोणी ओरडलं की हात वर करायचा, म्हणजे 'कळलं'. कळलं नसलं तरी करायचा आणि सवडीने जवळ जाऊन विचारायचं. ही सगळ्याच कामगारांची सवय.

भरतीच्या मेडिकलला डॉक्टर मागे उभे राहिले. "दायाँ कान बंद करो. जो बोलूँ, दोहराओ." मी चांगल्या कानावर बोट सैल ठेवलं आणि सगळे आकडे बरोबर सांगितले. पुढे मी लोक उजव्या कानाकडे येतील असा उभा राहायचो आणि ओठ वाचायचो. सहा वर्षं निभावलं.

त्या दिवशी साडेदहाला सहा जणांची पेट्रोलिंग पार्टी निघाली. अकरा वीसला नाला आला. पद्धत ठरलेली होती. पहिला माणूस दोर घेऊन पलीकडे जातो, खडकाला बांधतो, ओढून पाहतो आणि हात वर करतो. मगच दुसऱ्याने दोरात हूक अडकवून निघायचं. पहिला मी होतो, दुसरे दादा. अलीकडचं टोक पार्टीच्या प्रमुख हवालदारांनी पक्कं केलं होतं.

मी दोर खडकाभोवती फिरवला. गाठ मारायची होती. बोटं बधिर झाली होती. मागून, डाव्या बाजूने, काहीतरी आवाज आला. वळून पाहिलं तर सगळ्यांची तोंडं लोकरी टोपीत झाकलेली. ओठ दिसत नव्हते. मी हात वर केला.

दादांनी विचारलं होतं, "बांधला का रं?" बाकीच्यांनी ते ऐकलं होतं.

ते दोरावर आले. माझ्याकडचं टोक सुटलं. दादा झोक्यासारखे खालच्या खडकावर आदळले.

"एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर चाहिए, ओव्हर."

"मौसम बंद है. वेट, ओव्हर."

एक वाजून दहा मिनिटांनी ते गेले.

चौकशीत मेजरसाहेबांनी विचारलं, "हाथ क्यों उठाया था?"

"बैलेंस के लिए, साहब."

"कान ठीक हैं?"

"ठीक हैं, साहब."

नोकरी जाईल ही भीती होती. दुसरं कारण नव्हतं. अहवालात आलं की नाईक सुभाष यांनी इशाऱ्याची खात्री न करता घाईने पाऊल टाकलं. घरीही तेच कळवलं गेलं.

पुढे बारा वर्षं मी दरवर्षी करकंबला जात राहिलो. दादांच्या पत्नी सुमनवहिनी चहा द्यायच्या, मी प्यायचो. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, इतका सावकाश माणूस, तितंच कशी घाई केली? मी फोनवर म्हनले हुते, सुट्टीला लवकर या. त्येच डोक्यात आसंल. माझ्यामुळंच झालं की."

बारा वर्षं त्या हे मनात धरून होत्या. मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मी सगळं सांगितलं. कान, बोट, गाठ, हात, चौकशी. सांगताना त्यांच्याकडे बघवलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजे त्यांनी इचारलं हुतं?"

"व्हय."

"आन् तुमी हात केला."

"व्हय, वहिनी."

"एवढी वर्सं चहा कसा उतरला वो घशाखाली?"

त्यांनी सासऱ्यांना हाक मारली. त्यांच्यासमोर मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. म्हातारे काठी धरून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "तोंडाचं वाऱ्यावर जातं. लिवून द्या."

मी बटालियनला सहीनिशी जबाब पाठवला आहे. त्याचं जे होईल ते होवो. इथे करकंबच्या लोकांसाठी लिहितो आहे, कारण दादांच्या घाईची गोष्ट त्यांनीही ऐकली आहे.

नाईक सुभाष, राहणार करकंब. त्या दिवशी त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, इशाऱ्याची वाट पाहिली, आणि मगच दोरावर पाऊल टाकलं.