घाटपांडे काकूंचे राउटर

बिबवेवाडीच्या चढावरच्या त्या सोसायटीत कुणाचं इंटरनेट रुसलं, की कंपनीला फोन करण्याआधी लोक तिसऱ्या मजल्यावर घाटपांडे काकूंकडे जातात. कंपनीचा माणूस 'बघतो' म्हणतो, काकू खरोखर बघतात. शिवाय जाताना तुम्ही दोन शब्द ऐकून घेता. 'राउटर फ्रिजच्या मागे ठेवलात? छान. आता फ्रिजलाच इंटरनेट मिळेल,' हे काकूंच्या दृष्टीने मार्गदर्शन असतं आणि ऐकणाऱ्याने ते तसंच घ्यायचं असतं.

मंदाकिनी घाटपांडे नोकरीला होत्या टेलिफोन खात्यात. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि पुण्यातल्या कुणाला सोलापूर नाहीतर जळगाव जोडून द्यायचं, हे त्यांचं काम. जोडून दिल्यावर 'मिळाले का?' असं विचारायचं आणि लाइनमधून बाजूला व्हायचं. पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणताच अलीकडच्या माणसाचा आवाज कसा एकदम सैल पडतो, ते त्यांनी तरुणपणी इतकं ऐकलं होतं की त्याची चटकच लागली होती. पुढे यंत्रं आली, लोक आपले आपण नंबर फिरवू लागले, आणि काकूंना बिलांच्या टेबलावर बसवलं. तिथे लोक फक्त भांडायला येत. निवृत्त होईपर्यंत काकूंनी तेही निभावलं, पण मन रमलं नाही ते नाहीच.

राउटरचा नाद लागला तो त्यांच्या घरचा राउटर म्हातारा झाला तेव्हा. मुलगा अवधूत बंगळूरहून फोनवर म्हणाला, "आई, फेकून दे आणि नवा घे." फेकून दे हे शब्द त्या घरात कुणी सहजी उच्चारत नाही. काकू राउटर पिशवीत घालून बुधवार पेठेत उत्तरेश्वरच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. उत्तरेश्वरने तो उलटासुलटा करून पाहिला. "काकू, मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "कंपनीने याचं सॉफ्टवेअर सुधारायचं सोडून दिलंय. काही लोक यात दुसरं घालतात म्हणे, फुकटचं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं. पण तुम्ही त्या फंदात पडू नका."

पडू नका म्हटल्यावर काकू पडल्या.

राउटर म्हणजे अखेर एक छोटा कॉम्प्युटरच. त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, कंपनी आत भरून देते. कंपनीला नवे डबे विकायचे असतात, त्यामुळे चार वर्षांनी जुन्याकडे ती ढुंकून बघत नाही. मात्र जगभरातल्या काही भल्या माणसांनी आपल्या फावल्या वेळात तसाच प्रोग्राम लिहून चव्हाट्यावर ठेवला आहे. कुणीही घ्यावा, आत काय आहे ते वाचावं, चूक सापडली तर सुधारून परत ठेवावा. काकूंना ही गोष्ट फारच आवडली. कुठल्या कोण माणसांनी, तोंडओळखही नसताना, बिबवेवाडीतल्या जुन्या डब्याची काळजी करावी, याचं त्यांना आजही कौतुक वाटतं.

एक धोका मात्र आहे. नवा प्रोग्राम आत लिहिला जात असताना वीज तुटली, तर जुना गेलेला असतो आणि नवा आलेला नसतो. राउटर मरतो. काकूंचा पहिला राउटर असाच मेला. तो त्यांनी टाकला नाही हे सांगायला नको. लोणच्याच्या बरणीवर दादरा बांधला की वर वजन म्हणून तो ठेवतात, आणि त्याचा अडॅप्टर खालच्या खणात असतो. दुसरा राउटर जगला. मग सोसायटीतल्या माळ्यांवरून एकेक अडगळ खाली येऊ लागली आणि काकूंच्या जेवणाच्या टेबलावर तिला नवं आयुष्य मिळू लागलं.

या सगळ्यात अडचण एकच होती, आणि काकूंचं तिच्याशी लग्न झालेलं होतं.

माधवराव घाटपांडे भूमापन कार्यालयात होते. माणूस सज्जन, पण उगाच चालू राहिलेलं बटण त्यांना बघवत नाही. घरभर फिरून ते दिवे, पंखे, टीव्ही बंद करतात, टीव्हीचा तो बारीक लाल दिवासुद्धा. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणार असं कळलं की विचारूच नका. परत येताना वीज जोरात येते आणि वस्तू जळतात, असं त्यांचं ठाम मत आहे, म्हणून लाइट जायच्या आधीच ते बोर्डाबोर्डांवरून हात फिरवून घर निजवून टाकतात. त्यामुळे काकू राउटरचं काम करायच्या ते माधवराव सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेल्यावर. त्यांना समजावून सांगण्यापेक्षा ते नसताना काम उरकणं सोपं, असा त्यांनी संसाराचा हिशेब लावला होता.

त्या गुरुवारी तो हिशेब चुकला.

तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत पूर्णिमा भाड्याने राहते. हिंगणघाटची मुलगी, खराडीला एका कंपनीत नोकरी. स्वारगेटच्या चौकात गाडीवरून पडली, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, आणि डॉक्टरांनी खाटेवरून हलायचं नाही म्हणून बजावलेलं. तिची खोली टेकडी कापून बांधलेल्या दगडी भिंतीला चिकटून आहे. तिथे मोबाइलला रेंज म्हणून येत नाही. काकू रोज तिला वरण-भात घेऊन जात, आणि बुधवारी गेल्या तेव्हा पोरगी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. संतोष हा एकुलता एक भाऊ आणि ही एकुलती एक बहीण. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. नऊ महिने ती त्या दिवसाची वाट बघत होती आणि आता इथे पडून होती.

"दवाखान्यातून बोलले तेव्हाच आई म्हणाली, चुलत आत्या सांगेल नाव," पूर्णिमा म्हणाली. "तिचा तरी काय दोष, काकू. व्हिडिओ कॉल होते का विचारलं संतोषनं. इथं तर साधा फोन लागत नाही. मी आत्या होऊन काय कामाची?"

"आधी जेव," काकू म्हणाल्या. "नाव तूच सांगशील."

बोलून गेल्या खऱ्या, पण जिना चढताना आपण त्या मुलीला शब्द दिला आहे, हे त्यांना प्रत्येक पायरीला जाणवत होतं.

बेत त्यांनी लगेच आखला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या डक्टमधून एक केबल थेट पूर्णिमाच्या खिडकीत सोडायची आणि तिथे दुसरा राउटर बसवायचा. एक जुना होताही घरात, पण तो त्याच्या मूळ कंपनीने असा कुलूपबंद केलेला की दुसऱ्या कुणाच्या लाइनवर चालायलाच तयार नाही. खुलं फर्मवेअर घातलं की तो मोकळा होणार होता. गुरुवारी सकाळी काकूंनी नेमकी कुठली फाइल लागते ते तीनतीनदा ताडून पाहिलं. त्यात वेळ गेला. लिहायला सुरुवात केली तेव्हा माधवराव तळजाईहून परत येऊन चहा पीत होते, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. पडद्यावरची पट्टी पुढे सरकू लागली आणि त्या केबल शोधायला माळ्याच्या शिडीवर चढल्या.

माधवरावांच्या मोबाइलवर सोसायटीचा संदेश आला. देखभालीसाठी आज वीजपुरवठा बंद राहील. ते उठले आणि नेहमीप्रमाणे घर निजवत निघाले. बेडरूम, हॉल, जेवणाचं टेबल.

काकू केबल घेऊन उतरल्या तेव्हा टेबलावरच्या राउटरचे सगळे दिवे विझलेले होते. लॅपटॉप तेवढा आपल्या बॅटरीवर चालू होता, आणि त्यावर संपर्क तुटल्याचं लिहिलेलं होतं.

"अहो," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "हे बटण तुम्ही बंद केलंत?"

"लाइट जाणार आहे," माधवराव म्हणाले. आणि त्यांच्या शब्दाचा मान राखल्यासारखी त्याच क्षणी ती गेली.

काकू ओरडल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. चाळीस वर्षांच्या संसारात माधवरावांनी त्यांना रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, रडताना फार थोडं. काय झालं ते त्यांनी विचारलं, काकूंनी सांगितलं, आणि बारशाचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा पार उतरला.

"मी बुधवार पेठेतून नवा घेऊन येतो."

"या हं. तोवर बाळ शाळेत जाईल." काकूंनी नाक पुसलं. जीभ ठिकाणावर आली म्हणजे डोकंही ठिकाणावर येत होतं. "मेलेला उठवता येतो कधीकधी. याच्या आत अगदी तळाशी थोडं शहाणपण कंपनीने वेगळं ठेवलेलं असतं, ते पुसलं जात नाही. मागचं बटण दाबून धरून वीज द्यायची. दिवा भराभर लुकलुकला तर समजायचं की तो फाइल मागतोय. पहिल्याच्या वेळी मला हे माहीत नव्हतं. पण वीज कुठून आणू?"

घरातल्या मुख्य राउटरला लाइट गेल्यावर चालवणारी छोटी बॅटरी होती. ती एकालाच पुरणारी, आणि तो बंद केला तर सगळंच बंद. माधवरावांना दिसेल ते वाचायची सवय आहे. औषधाच्या बाटलीपासून फरसाणाच्या पाकिटापर्यंत छापलेलं एक अक्षर ते सोडत नाहीत. त्यांनी विझलेला राउटर उचलून चष्मा वर केला.

"यावर बारा व्होल्ट लिहिलंय."

"मग?"

"आपल्या स्कूटरच्या बॅटरीवरही बारा व्होल्टच लिहिलंय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून खालच्या खणातून मेलेल्या राउटरचा अडॅप्टर काढला, विळीवर त्याची राउटरात खोचायची वायर कापून घेतली आणि माधवरावांना पान्हा घेऊन पार्किंगमध्ये पाठवलं.

थोड्याच वेळात पूर्णिमाच्या खाटेशेजारी स्टुलावर स्कूटरची बॅटरी होती, लॅपटॉप मांडलेला होता, आणि खिडकीतून आत आलेली केबल बाजूला वेटोळं करून ठेवलेली होती. वायरची उघडी टोकं बॅटरीवर काही केल्या टिकेनात, म्हणून माधवरावांनी ती बोटांनी दाबून धरायची असं ठरलं. पांढऱ्या रेघेची वायर लाल खुणेवर, दुसरी दुसरीकडे. काकूंनी राउटरचं बटण दाबलं.

"लावा."

दिवा लागला आणि नुसताच लागून राहिला. लुकलुकला नाही.

"काकू, राहू द्या," पूर्णिमा म्हणाली. "तुम्ही एवढं केलं तेच खूप झालं."

"तू गप्प बस. अहो, हात हलला तुमचा. पुन्हा."

दुसऱ्या वेळी माधवरावांनी श्वास रोखून धरला. दिवा लागला, थांबला, आणि मग भराभर लुकलुकायला लागला. काकूंनी बटण सोडलं आणि लॅपटॉपवरून फाइल पाठवली. आता कुणीही हलायचं नव्हतं. माधवरावांच्या नाकावर माशी बसली. ती नाकाच्या शेंड्यावरून गालावर गेली, परत नाकावर आली. आयुष्यभर वीज बंद करत फिरलेला तो माणूस ती चालू ठेवण्यासाठी दोन्ही हात गुंतवून, तोंड वाकडं करत, ओणवा बसून राहिला. काकूंना हसू आलं आणि त्यांच्यावर मायाही दाटून आली, पण तोंडाने त्या म्हणाल्या, "हलू नका."

राउटर आपोआप एकदा विझला आणि पुन्हा उठला. काकूंनी केबल जोडली, लॅपटॉपवर दोनचार गोष्टी लिहिल्या, आणि पूर्णिमाचा मोबाइल उशीवर टिंग टिंग करत जागा झाला. इतक्या दिवसांचे साठलेले निरोप एकदम येऊन पडत होते. तिने लगेच संतोषला कॉल लावला.

पडद्यावर हिंगणघाटचं घर आलं. फुलं लावलेला पाळणा, बायकांची गर्दी, आणि पाळण्यावर वाकायच्या तयारीत असलेली चुलत आत्या.

"मिळाले का?" काकूंच्या तोंडून आपसूक निघालं.

"थांबा, थांबा, ताईचा फोन," संतोष गर्दीला म्हणत होता. "ताई, आवाज येऊन राहिला का माझा?"

"येऊन राहिला," पूर्णिमा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम सैल पडला. काकूंनी तो ओळखला.

चुलत आत्या हसून बाजूला झाली. पूर्णिमाच्या आईने, मालनबाईंनी, फोन हातात घेतला आणि बाळाच्या कानाशी नेला. पडद्यावर नुसतं एक जावळ दिसत होतं. पूर्णिमाने फोन ओठांशी धरला, कुर्र केलं आणि अगदी हळू नाव सांगितलं, "स्पृहा." तिकडे बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मालनबाईंचा चेहरा पुन्हा पडद्यावर आला.

"अवं, नाव तं झालं. पण आत्याच्या पाठीत धपाटे कोण घालन? हाय का कोणी तुझ्यापाशी?"

कानात नाव सांगणाऱ्या आत्याला बायकांनी धपाटे घातल्याशिवाय बारसं पुरं होत नाही. काकूंनी पुढे होऊन पूर्णिमाच्या पाठीवर हलकेच थापटलं.

"जोरात मारा ना, काकू," ती म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती. "घरी असते तं पाठ मोडली असती माझी."

मग काकूंनी सणसणीत घातला. हिंगणघाटला हशा पिकला.

"माझे हात सोडू का आता?" ओणव्या माधवरावांनी विचारलं.

"सोडायचे नाहीत. पाळणा चालू आहे," काकू म्हणाल्या, आणि तोच हात त्यांनी नवऱ्याच्या पाठीत घातला. "हा बटणाचा."

माधवरावांनी वायर तशीच घट्ट धरून ठेवली.

"आणि हा बॅटरीचा," काकू म्हणाल्या. दुसरा धपाटा फार हळू बसला, आणि पाळणा संपेपर्यंत त्यांचा हात तिथेच राहिला.