ओवाळल्याशिवाय घोडी निघत नाही

"माझ्या वर्साला घोडी हरली, तवा समदी माझ्याकडं बघत हुती. अवंदा हिच्याकडं बघतील. मी सुटले."

मोठ्या जाऊबाई शेजारणीला सांगत होत्या. मी भिंतीपलीकडे लसूण सोलत होते. कमी बोलणाऱ्या सुनेकडे किस्से आपोआप साठतात, त्यातला हा पहिला.

संगमनेरजवळच्या आमच्या गावात जत्रेला घोड्यांची शर्यत असते, वरची आळी विरुद्ध खालची आळी. वरच्या आळीची घोडी म्हणजे आमची चांदणी. तिला घरातल्या सगळ्यांत नव्या सुनेनं ओवाळायचं, त्याशिवाय तिला पळवत नाहीत. हरली तर सुनेचा पायगुण.

*

नणंदेला गावातच दिलंय, खालच्या आळीत. एरवी तिचा सकाळचा चहा आमच्याकडेच. जत्रेला मात्र ती आली नाही, पुरणपोळ्या पाठवल्या. सासूबाईंनी डबा उघडला, वास घेतला आणि झाकून फळीवर ठेवला.

"लेक माझी हाय. पन आज खालच्या आळीची हाय. उद्या खाऊ."

*

मिरवणुकीत धाकटे दीर सरदार झाले होते. जरीचा अंगरखा, ढाल, तलवार आणि काळा गॉगल.

चुलत सासरे म्हणाले, "सरदार, गॉगल काढा. तवाच्या सरदारास्नी ऊन लागत नव्हतं काय?"

दिरांनी काढला. डोळे आलेले, लालभडक.

"घाला परत. घोडी बुजंल."

*

एका वर्षी स्वार रघुनाना मध्येच पडले आणि चांदणी एकटीच पहिली आली. इथं घोडी आली की जिंकली, स्वाराचं कुणी विचारत नाही. मानाचा फेटा तिलाच बांधला. नाना अजून सांगतात, "मी येळेवर पडलो म्हनून आली."

*

यंदा शर्यतीआधी सगळी आळी आमच्या अंगणात जमली. मी ताट घेऊन उभी. माझे सासरे, आबा, चांदणीच्या पायांत घुंगरू बांधत होते. मागच्या डाव्या पायाला पट्टा लागला तशी ती शहारली आणि तिनं खूर उचलून धरला. टेकवलाच नाही. आबांना वाटलं, घुंगरांना बुजली. बाकी कुणी पाहिलं नाही, कारण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

ओवाळण्याआधी घोडीच्या पायांवर पाणी घालतात. ते घालताना मी त्या पायावर हात ठेवला. सुजलेला, कढत.

खालच्या आळीचा ढोल जवळ येत होता. "ओवाळ पोरी, येळ हुतोय," आबा म्हणाले. जाऊबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, आटप.

मी ताट खाली ठेवलं.

"आबा, तिचा पाय सुजलाय. मी ओवाळणार नाही."